बाबा, गोळी बंद नका करू

प्रिय आई-बाबा,

काल आईचा फोन आला तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. बाबा, तुम्ही म्हणून राहिले की तीन आठवडे झाले, काहीच फरक नाही, डिप्रेशनची गोळी बंद करतो. नका करू बाबा, प्लीज.

तान्ह्या पोळ्याला मी नागपूरला आले होते ना, चिनूचा लाकडी नंदी तुम्ही सजवला, शिंगांना सोनेरी कागद, गळ्यात घुंगरू, आणि तो दोरी ओढत निघाला तेव्हा तुम्ही हसले, अगदी आधीसारखं. पण तो तिसऱ्या घरापर्यंतही पोचला नसेल, तुमचा चेहरा परत उतरला, दाराशी नुसते उभे. आई म्हणाली यांना आता कशातच आनंद वाटत नाही. आई, मला तसं नाही वाटत गं. आनंद येतो, पण टिकत नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात २००९ मध्ये नेमकं हेच दिसलं. डिप्रेशन असलेल्यांना छान फोटो दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं, तर मेंदूत खोलवर न्यूक्लिअस अक्युम्बन्स म्हणून आनंदाशी जोडलेला भाग आहे, तो सुरुवातीला इतरांसारखाच जागा व्हायचा, फक्त थोड्या वेळाने मंदावत जायचा. मग त्याच संशोधकांनी पुढे काम केलं आणि २०१३ मध्ये छापलं, की दोन महिने औषध घेतल्यावर ज्यांच्यात तो भाग जास्त वेळ जागा राहायला लागला त्यांना चांगलं वाटणंही जास्त वाढलं. दोन महिने, बाबा! गोळी मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काही तासांतच काम सुरू करते, पण मन उचलायला बरेच आठवडे लागतात. तुमचे तर तीनच झालेत. तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही हे, आणि झोपेच्या गोळीसारखी सवय लागेल ही भीतीही नको, फक्त एकदम सोडली की चक्कर, बेचैनी होते, म्हणून कमी-जास्त डॉक्टरांना विचारूनच.

एक मात्र खरं, काही जणांना या गोळ्यांनी सगळं सपाट वाटतं, ना हसू ना रडू. तसं झालं तर मनात ठेवू नका, पुढच्या वेळी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते डोस किंवा औषध बदलतात. आई, तू सोबत जा, बाबा नुसतं ‘बरं आहे’ म्हणून उठून येतील.

दसऱ्याला येतोय आम्ही. नंदीचं एक चाक निघालंय, चिनू मला हात लावू देत नाही, म्हणतो आजोबाच बसवतील.

तुमची,
पिंकी