शेवटच्या हिशेबावरचा कर आणि तारखेचा खेळ: केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री महोदया,

नोकरकपातीत कामावरून काढलेल्या माणसाच्या हातात शेवटी जो हिशेब पडतो, त्याला सगळीकडे ‘फुल अँड फायनल’ म्हणतात. उरलेल्या दिवसांचा पगार, नोटीस पे (नोटीस न दिल्याबद्दलचा पगार), शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि कपातीची भरपाई अशा या रकमा, आणि प्रत्येकीला कराचा नियम वेगळा. पगारपत्रके आणि आयकर विवरणपत्रे हेच आमचे रोजचे काम आहे. ही भरपाई पुढचे रिकामे महिने निभावण्यासाठी असते. कायदा मात्र तिला एका वर्षाची कमाई समजतो, आणि ते वर्ष कोणते हे मालक ठरवतो. आमची तक्रार मुख्यतः याबद्दल आहे.

आधी करसुटीची मर्यादा. भरपाईवरची करसूट तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान आकड्याएवढी मिळते: प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार (सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात) आणि ५ लाख रुपये. हे ५ लाख १ जानेवारी १९९७ पासूनचे आहेत. ग्रॅच्युइटीची मर्यादा २०१८ मध्ये १० लाखांवरून २० लाख झाली. खासगी नोकरदारांच्या रजेच्या पैशांची मर्यादा २०२३ मध्ये ३ लाखांवरून २५ लाख झाली. नोकरी स्वतःहून सोडणाऱ्यालाही रजेच्या पैशांवर ही सूट मिळते, आणि ज्याला काढून टाकले त्याच्या भरपाईची मर्यादा तेवढी जिथल्या तिथे.

आता एक हिशेब पाहा. २२ वर्षे नोकरी, महिना ६०,००० रुपये पगार. सूत्राप्रमाणे भरपाई होते ६ लाख ६० हजार. कंपनीने १२ लाख दिले. सूट ५ लाखांची, म्हणजे ७ लाख करपात्र. शेवटचा दिवस ३१ मार्च असेल, तर वर्षभराचे ७ लाख २० हजार आणि हे ७ लाख एकाच वर्षात येतात. ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उरतात १३ लाख ४५ हजार. २०२५-२६ च्या नव्या प्रणालीच्या दरांनी उपकरासह कर होतो ८५,०२० रुपये. नुसत्या पगारावर त्याला एक रुपयाही कर नव्हता. हा सगळा कर भरपाईमुळे आला आणि टीडीएस म्हणून शेवटच्या रकमेतूनच कापला गेला. हाच दिवस ३० एप्रिल ठेवला, दर तेच धरले आणि पुढे वर्षभर दुसरे उत्पन्न नसले, तर एप्रिलचा पगार आणि ७ लाख मिळून, वजावट जाऊन, करपात्र उत्पन्न ६ लाख ८५ हजार आणि कर शून्य. पैसे उशिरा घेऊनही सुटका नाही, कारण पगार देय झाला किंवा हातात आला, यांतले जे आधी घडेल त्या वर्षात तो धरला जातो. ३१ मार्चला काढून चेक ५ एप्रिलला दिला तरी कर मार्चच्याच वर्षाचा.

असा एकगठ्ठा बोजा हलका करायला १९६१ च्या जुन्या आयकर कायद्यात कलम ८९ आणि त्याखालचा नियम २१अ आहेत. भरपाईचा एक-एक तृतीयांश भाग मागच्या तीन वर्षांच्या उत्पन्नात मिळवून सरासरी दर काढायचा, आणि दरांत जो फरक पडेल तेवढी सवलत द्यायची. कल्पना उत्तम. पण अट अशी की सेवा किमान तीन वर्षे झालेली हवी आणि नोकरीची उरलेली मुदतही किमान तीन वर्षे हवी. निवृत्तीचे वय ५८ असेल, तर ५६ व्या वर्षी काढलेला माणूस या सवलतीतून बाद. त्या वयात दुसरी नोकरी मिळणे सर्वांत अवघड, आणि आपण सवलत नाकारतो ती त्यालाच. शिवाय ही सवलत मागण्याचा फॉर्म १०ई विवरणपत्राच्या आधी भरावा लागतो. तो राहिला की सवलत नामंजूर होऊन मागणीची नोटीस येते. कंपनीला ही सवलत टीडीएस कापतानाच देण्याची मुभा आहे, पण पगार विभाग सहसा त्या वाटेला जात नाहीत.

पुढचा प्रश्न, भरपाईवरची ५ लाखांपर्यंतची सूट कोणाला? फक्त कायद्याच्या व्याख्येतल्या ‘कामगारा’ला. औद्योगिक संबंध संहितेत पर्यवेक्षकाचा पगार १८,००० रुपयांवर गेला की तो कामगार राहत नाही. आजच्या पगारमानात किती पर्यवेक्षक या रेषेखाली असतील? व्यवस्थापकीय पदांवरचे लोक तर मुळातच बाहेर. त्यांना मिळालेली भरपाई पहिल्या रुपयापासून पगारासारखी करपात्र.

जे व्याख्येत बसतात त्यांच्यासाठीही एक सापळा आहे. ‘राजीनामा द्या, म्हणजे अनुभवपत्रावर डाग लागणार नाही’ असे सांगून मेल लिहून घेतला जातो. कागदावर राजीनामा आला की ती कपात उरत नाही आणि कपातीच्या भरपाईची सूट अडचणीत येते. भविष्य निर्वाह निधीचेही तेच. पाच वर्षांच्या आत काढलेला निधी करपात्र असतो. धंदा आकसल्यामुळे किंवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली असेल तर मात्र तो करमुक्त राहतो. हे सिद्ध करणारा कागद राजीनाम्याने हातचा जातो.

राहिली वेळ. वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांत वेतन द्यायचे आहे. मात्र संहितेच्या ‘वेतन’ व्याख्येत ग्रॅच्युइटी आणि कपात भरपाई येत नाहीत. ग्रॅच्युइटीला ३० दिवसांची मुदत आहे आणि ती चुकली तर व्याज लागते. वेतनाचे दोन दिवस उलटले तर असे आपोआप लागणारे व्याज नाही. तक्रार करावी लागते. म्हणून लॅपटॉप जमा करणे, नो ड्यूज (कंपनीचे काही देणे उरले नाही असा दाखला) आणि ‘माझे काही येणे नाही’ या कागदावरची सही होईपर्यंत पैसे रोखून धरले जातात.

१ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या आयकर कायदा, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले. आता आशय बदला. भरपाईवरच्या करसुटीची मर्यादा २५ लाख करा. १५ दिवसांचे सूत्र कायम राहणार असल्याने ही खिरापत ठरणार नाही: वरच्या उदाहरणात सूट फक्त १ लाख ६० हजारांनी वाढेल. ती कामगाराच्या व्याख्येपासून सोडवून कपातीत गेलेल्या प्रत्येक पगारदाराला लागू करा. उरलेल्या तीन वर्षांची अट काढा, आणि करपात्र भरपाई त्या वर्षात व पुढच्या दोन वर्षांत समान विभागून दाखवण्याचा पर्याय कर्मचाऱ्याला द्या. फॉर्म १६ मध्ये, म्हणजे कंपनी देते त्या पगार आणि टीडीएसच्या दाखल्यात, भरपाईची ओळ स्वतंत्र ठेवून तिच्याशेजारी नोकरी संपण्याचे कारण नोंदवणे सक्तीचे करा. वेतनाच्या दोन दिवसांच्या मुदतीनंतर ग्रॅच्युइटीसारखेच व्याज आपोआप लागावे, यासाठी श्रममंत्र्यांशी बोला. या पत्राची प्रत त्यांनाही पाठवत आहोत.

आपले,
पगार-हिशेब आणि करसल्ल्याच्या कामातील काही जण