परसातल्या भट्टीविषयी, तुम्ही घरी येण्याआधी

कोल्हापूर, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीनंतर तुम्ही परतणार असल्याचे दादाकडून कळले, म्हणून घरात पाऊल ठेवण्याआधी एक गोष्ट तुम्हाला माझ्याकडूनच कळावी, यासाठी हे लिहिते आहे. गोठ्याच्या जागेत मी लेथ, म्हणजे धातू फिरवत कापायचे यंत्र, बांधते आहे. विकत आणलेला नाही, स्वतः ओतून बांधते आहे. आणि बाबा, त्याचा हेडस्टॉक (फिरता भाग पेलणारे डोके) ज्या ॲल्युमिनियमचा आहे, त्यात तुमच्या स्कूटरचे इंजिन आहे.

विचारायला हवे होते. परंतु तुम्ही लगेच 'घे' म्हणाला असतात आणि मग रात्रभर जागला असतात, हे ठाऊक असल्यामुळे मी विचारलेच नाही. आधी आईची माळ्यावरची पातेली वितळवून पाहिली (आई, चेपलेली तीनच), पण पातेल्यांचा धातू जवळजवळ शुद्ध असतो, तो साच्यात नीट पळत नाही आणि कापताना हत्याराला चिकटतो. पिस्टन आणि सिलिंडर हेडच्या धातूत सिलिकॉन असल्यामुळे तो साच्याच्या टोकापर्यंत पोचतो. नवा लेथ लाखाच्या घरात जातो, हेही एक कारण. खरे कारण तुम्हाला माहीत आहे. तुमचा लेथ टेंपोत चढवला त्या दिवशी मी फाटकापाशीच उभी होते. नंबरप्लेट आणि आरसा तुमच्या कपाटात ठेवला आहे.

तुमच्या दिनक्रमात काही बदलणार नाही. भट्टी विहिरीपलीकडे आहे, ती फक्त रविवारी सकाळी पेटते आणि धूर आईच्या खिडकीकडे येत नाही. दुपारी दोन ते चार कानसही चालणार नाही. तुळस आणि बंब जिथल्या तिथे आहेत, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली आहे.

आईला भीती वाटणारच, म्हणून सांगते की खरी भीती विस्तवाची नसून पाण्याची असते. सातशे अंशांच्या वितळलेल्या धातूच्या रसाखाली ओल सापडली, तर तिची क्षणात वाफ होऊन रस उडतो. म्हणून वाळू मुठीत जेमतेम बांधली जाईल इतकीच ओलसर ठेवते, मूस (धातू वितळवायचे भांडे) आणि पळी आधी तापवते, आणि ओतते ते कोरड्या वाळूच्या थरावर, काँक्रीटवर कधीही नाही. बाबांच्या करंगळीचा दिवस मी विसरलेले नाही. लेथचा चक, म्हणजे काम पकडून फिरवणारा जबडा, फिरत असताना माझ्या अंगावर ओढणी, बांगडी, हातमोजा यांतले काहीही नसते.

उद्यमनगरात तुम्ही मला उलट्या घमेल्यावर बसवून मायक्रोमीटर धरायला द्यायचात, आठवते? आईचा केस सात शतांश मिलिमीटर भरला होता आणि माझा पाच, म्हणून मी रडले होते. मग तुम्ही माझे दोन केस एकत्र धरून मोजलेत.

आता नीट ऐका. आईने भट्टीवर, ती विझलेली दिसली तरी, पाणी ओतायचे नाही आणि राख भांड्यांना न्यायची नाही. बाबांनी सैल सदरा घालून गोठ्यात यायचे नाही, वाकून काही उचलायचे नाही, आणि डोळ्यांचे थेंब मी विचारण्याआधी घालायचे. रक्तदाबाच्या गोळ्या दादाकडून मोजून आणा.

एक काम मात्र राखून ठेवले आहे. शिरोलीहून सपाटी ताडायच्या बिडाच्या तीन प्लेट्स ओतून आणल्या आहेत. दोनच प्लेट्स एकमेकींवर घासल्या, तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या तंतोतंत बसतात. तिसरी आळीपाळीने दोघींशी ताडली की खोट उघडी पडते, हे तुम्हीच शिकवलेत. निळा रंग लावून, त्यात दिसणारे उंचवटे स्क्रेपरने खरवडून काढत मी दोन प्लेट्स जमतील तेवढ्या सपाट केल्या आहेत, तिसरीला हात लावलेला नाही. खिडकीजवळ पाठ असलेली खुर्ची आणि दिवा ठेवला आहे. तुमचा स्क्रेपर धार लावून तयार आहे; रोज अर्धाच तास, आणि तोही चष्मा लावून.

तुमची,
बेबी