न्याहारीची तयारी आदल्या रात्री

महोदय,

सकाळी 7 च्या आत ठाणे स्थानक गाठणारे कितीतरी नोकरदार न्याहारीविनाच लोकलमध्ये चढतात, हे मला मनापासून खटकते. त्यांना आदल्या रात्रीच अंड्यांची न्याहारी करून ठेवता येईल. त्यासाठी फेटलेल्या अंड्यांत परतलेला कांदा, ढोबळी मिरची व पालक घालून ते मिश्रण तेलाचा हात लावलेल्या स्टीलच्या छोट्या वाट्यांत ओतावे आणि ओव्हनमध्ये 180 अंश सेल्सिअसवर सुमारे 20 मिनिटे भाजावे. पालकाचे पाणी आधीच आटवणे अत्यावश्यक आहे. नाहीतर दुसऱ्या दिवशी वाटीच्या तळाशी पाणी साचलेले दिसते. मध्यभाग घट्ट होताच वाट्या बाहेर काढाव्यात. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत त्या रात्रभर ओट्यावर मुळीच ठेवू नयेत. 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवून, 3-4 दिवसांत, वाफा येईपर्यंत गरम करून संपवाव्यात.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे