टौरंगाला उतरण्याआधी

चि. मनी,
अनेक आशीर्वाद.

परवा मी जपून राहा म्हटलं, तर "बाबा, मी प्रवाशांना घेऊन जातेय, पोहायला नाही" म्हणालीस आणि फोन ठेवलास. रागावलीस, असं आई म्हणते. मला फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

न्यूझीलंडात टौरंगाला शिप लागणार, तिथून बसने तास-सव्वा तासावर रोटोरुआ, एवढं पाठ झालंय. तिथल्या पोहुतू या गरम फवाऱ्याचं पाणी 30 मीटरपर्यंत उडतं म्हणे, म्हणजे माडावर माड ठेवावा तेवढं. पोटभर बघ. फक्त फळ्यांची वाट सोडू नकोस. तिथली जमीन वरून सुकी दिसते, पण खाली चिखल रटरटत असतो आणि पापुद्रा कुठे पातळ आहे ते दिसत नाही. वाफेचा लोट अंगावर आला तर जागच्या जागी उभी राहा.

आपलं उन्हवऱ्याचं गरम पाण्याचं कुंड वेगळं. तिथे पावसाचंच पाणी खोल मुरतं, तापतं आणि भेगांतून वर येतं. खाली ज्वालामुखी नाही. तरी पाणी 70 अंशांच्या आसपास. आजी फडक्यात तांदूळ बांधून सोडायची. निघायचे अर्धेकच्चे, पण देवाचं पाणी म्हणून आम्ही मुकाट चावायचो! गंधकाचा तो वास अजून नाकात आहे. तुला तिकडे पहिल्यांदा आला की घर आठवेल बघ. आत्याच्या पायाचं तुला ठाऊकच आहे. एकच पाऊल चुकलं होतं.

9 डिसेंबर 2019 ला तिकडच्या व्हाकारी बेटावर ज्वालामुखी फुटला तेव्हा तिथे 47 माणसं होती, बरीचशी क्रूझवरचीच. 22 गेली. आता तिथे उतरवत नाहीत, हे तू सांगितलंस. तरी रात्री तेच डोळ्यांपुढे येतं. हे लिहायचं नव्हतं. आईला सांगू नकोस.

पुन्हा मास्तरकीच झाली, माफ कर. खालच्या आळीत मात्र सांगून आलोय, आमची मनी बसभर गोऱ्यांना सांभाळून नेते. काकाने दोनदा विचारलं, मी तीनदा सांगितलं.

मोहोर यंदा बरा आहे, तुडतुडा नसला म्हणजे झालं.

कोणी फोटोसाठी खाली उतरलं तर ओरड, पण तू मागे उतरू नकोस. शिपवर परत चढलीस की मिस्ड कॉल दे. तुमचे संध्याकाळचे सहा म्हणजे आमचे सकाळचे साडेदहा. वर काजूत रेंज नसते, म्हणून त्या दिवशी मी बागेत जाणार नाही.

तुझा,
बाबा