लोणंदच्या अण्णांना

ती. अण्णा,
सा. न. वि. वि.

तुमचा नंबर ज्या कागदावर लिहून घेतला होता तो फलटण यायच्या आधीच पावसात भिजून गेला. पूर्ण नावही मी विचारलं नव्हतं. सगळे अण्णा म्हणत होते, म्हणून मीही म्हणाले. त्यामुळे हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. लोणंद-फलटण भागात लग्नाचं शूटिंग करणारं कुणी हे वाचेल आणि तुमच्या कानावर घालेल, अशी आशा आहे.

वर्ष २०१३. आई पंधराव्यांदा माउलींच्या पालखीबरोबर निघाली होती. गुडघे इतके गेले होते की यापुढे पायी वारी नाही, हे तिने स्वतःच ठरवलं होतं. ती चालताना जशी दिसते तशी मला कायमची हवी होती, म्हणून रजा काढून, हॅंडीकॅम घेऊन मी तिच्याबरोबर निघाले. दिवे घाटात मी तासभर तरी शूट केलं. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं. लोणंदच्या मुक्कामी यजमानांच्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी वायर जोडली आणि पोटात गोळा आला. वारकरी, पताका, डोंगर, सगळं नुसतं उड्या मारत होतं. आईने दोन मिनिटं पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाली, “बंद कर गं, मला गरगरतंय.”

तुम्ही ओसरीवर चहा घेत होतात. कुणाच्या तरी पंगतीच्या शूटिंगला आला होतात आणि पुढचं काम संध्याकाळी होतं. तुम्ही आत डोकावलात, टीव्हीकडे पाहिलंत आणि म्हणालात, “ताई, कॅमेऱ्याला काही झालेलं नाही. चला बाहेर.” हक्काची विश्रांतीची वेळ होती तुमची. ती तुम्ही एका अनोळखी मुलीला दिलीत, याचं मोल मला तेव्हा कळलं नाही. आज नीट कळतं.

पहिल्यांदा तुम्ही माझं झूमच्या खटक्यावरचं बोट काढलंत. झूम जितका जास्त तितकी हाताची थरथरही मोठी होऊन दिसते; तीसपट झूमवर साधा श्वाससुद्धा भूकंपासारखा उमटतो. “जवळचं हवं असेल तर पायाने जवळ जा.” मग कोपरं बरगड्यांना चिकटवायला लावलीत, पावलं खांद्याइतकी फाकवून गुडघे जरा सैल सोडायला सांगितलंत, आणि डावा तळवा कॅमेऱ्याखाली ठेवायला. तुमचा जुना खांद्यावरचा व्हीएचएस अडीच-तीन किलोचा होता, म्हणून तो सहजी हलायचा नाही, हेही तुम्ही समजावलंत. माझा कॅमेरा पाव किलोच्या आसपासचा. हलक्या वस्तूला हाताचा प्रत्येक झटका लगेच लागतो.

मग तुम्ही मला हार्डवेअरच्या दुकानात नेलंत. तो पाव इंची बोल्ट मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. कॅमेऱ्याच्या बुडाशी स्टॅंडसाठी जे भोक असतं त्यात तो बसतो, पण भोक जेमतेम पाच मिलिमीटर खोल. बोल्ट जास्त आत गेला तर कॅमेरा फुटेल, म्हणून तुम्ही वॉशर चढवत, पुन्हापुन्हा नखाने मापत बसला होतात. दुसऱ्याच्या वस्तूची इतकी काळजी घेणारी माणसं फार थोडी भेटतात. बोल्टला परकराची नाडी बांधलीत, खाली फास केलात आणि तो माझ्या पायाखाली दिलात. कॅमेरा वर ओढून नाडी ताणायची. हात खाली-वर होऊ पाहतो, नाडी होऊ देत नाही. दहा रुपयांच्या आत हलणं निम्म्यावर आलं.

शॉट किती वेळ धरायचा, हे मला कळतच नव्हतं. दोन सेकंदांत मी दुसरीकडे वळायचे. तुम्ही म्हणालात, “मनात सात वेळा ज्ञानोबा माउली तुकाराम म्हणा, मगच हला.” अजून तसंच म्हणते.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते पुढे आहे. चालता चालता शूट कसं करायचं, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. अंगणात आई तुळस डोक्यावर घेऊन दुसऱ्या घरी निघाली होती. तुम्ही नुसतं बोट दाखवलंत. “आईंचे पाय बघा. डोकं बघू नका, पाय.”

अण्णा, पंधरा वर्षं आई तुळस घेऊन चालत होती आणि मी तिचे पाय कधी पाहिलेच नव्हते. टाच आधी टेकते, मग चवडा, सावकाश. गुडघे सरळ होतच नाहीत, किंचित वाकलेलेच राहतात आणि प्रत्येक पावलाचा दणका तिथेच जिरतो. कंबर एका पातळीत सरकते. चुंबळीवरचं ते पितळी वृंदावन पाण्यातून होडी जावी तसं चाललं होतं, आणि हात मोकळे. दुखणाऱ्या गुडघ्यांनी ती हे करत होती.

पुढे मी स्टेडीकॅमबद्दल वाचलं. गॅरेट ब्राऊन यांनी १९७०च्या दशकात तो बनवला आणि त्यावर चित्रित झालेले पहिले चित्रपट १९७६ साली पडद्यावर आले. स्प्रिंगचा हात अंगावरच्या जाकिटाला जोडलेला, कॅमेरा एका टोकाला, वजन दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे पावलाचा धक्का कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही. वाचताना मला सारखी ती चुंबळ आठवत होती.

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. तिथे माझी धांदलच उडाली, घोडे गेले तेव्हा मी भलतीकडे बघत होते. पण तिथून पुढे तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, रोज दोन-दोन तास मी आईच्या मागे तिच्यासारखी चालत होते. पोटऱ्या भरून यायच्या. आई विचारायची, “लंगडतेस का गं?”

सदाशिवनगरला गोल रिंगण. तुमची पीळ सुटण्याची युक्ती तिथे वापरली: शॉट जिथे संपणार तिकडे अंग करून बसायचं, कमरेतून मागे वळून सुरुवात करायची आणि पीळ सुटत जाईल तसा कॅमेरा फिरू द्यायचा. मी आधी नेमकं उलट करायचे, म्हणून प्रत्येक शॉटचा शेवट डचमळायचा. पहिल्या रांगेत एक गुडघा टेकून बसले, नाडी गुडघ्याखाली दाबली. झूम पूर्ण मागे. पताकावाले धावून गेले आणि मग तुळशीवाल्या बायका आल्या. नऊवारीचा पदर खोचलेली, एका हाताने वृंदावन धरलेली आई डावीकडून आली, माझ्यासमोरून गेली, उजवीकडे गर्दीत मिसळली. मनात दहा वेळा ज्ञानोबा माउली तुकाराम झालं होतं. मग माउलींचा अश्व धावला, लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले, आणि मी कॅमेरा बंद करून रडत बसले.

तो शॉट आता घरच्या मोठ्या टीव्हीवर लागतो. चौकट शांत आहे, म्हणून तिच्या आतलं सगळं दिसतं. वृंदावन हलत नाही, पण त्यातली तुळशीची पानं थरथरताना दिसतात. आईच्या ओठांवरचं “माउली, माउली” वाचता येतं. दिवे घाटातल्या तासाभराच्या चित्रणात यातलं एकही दिसत नाही.

आई आता घरातही काठी घेऊन चालते. आषाढात संध्याकाळी ती म्हणते, “माझं पळणं लाव.” लावते. डोळे न मिटता, पदर नीट करत शेवटपर्यंत बघते. मग तुमची आठवण काढते. “त्या माणसाला आपण साधा चहा तरी पाजला का?” असं तिने मला कितीदा विचारलंय. नाही पाजला, अण्णा. यजमानांचाच होता तो. हे मला फार लागून राहिलंय.

नाडी दोनदा बदलली, बोल्ट तोच आहे. पुण्यात कधी येणं झालं तर आमच्याकडे जेवायलाच या, पुरणपोळी आई स्वतः सांगून करवून घेणार आहे. आणि सीडी नको, पेनड्राइव्ह आणा, सदाशिवनगरचं सगळं भरून देते.

तुमची,
आईच्या दिंडीतली कॅमेरावाली ताई