शिष्यवृत्ती दिली, बेंच कधी देणार?

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या काचकलेच्या शाळा आणि स्टुडिओ अलीकडे कृष्णवर्णीय, मूलनिवासी, लॅटिनो आणि इतर गोरेतर कलाकारांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर करत असतात. आपल्या वाचकांत तिथे स्थायिक झालेली कुटुंबे आहेत, त्यांतले कोणी अशा उपक्रमाला हातभार लावायच्या विचारात असेल, म्हणून हे पत्र. आमचे म्हणणे एवढेच की पैसा चुकीच्या टप्प्यावर खर्च होतो. उन्हाळी वर्गाची फी भरली म्हणून कोणी काच फुंकणारा होत नाही. त्याला भट्टीसमोर बेंचवर, म्हणजे कारागीर ज्यावर बसून काच घडवतो त्या बाकावर, बसायचे तास लागतात आणि ते तास आजही बरेचसे ओळखीपाळखीनेच मिळतात.

आधी भट्टीचा हिशेब. वितळलेली काच साधारण ११०० ते ११५० अंश सेल्सिअसला कामात घेतात. नवा कच्चा माल टाकायचा तर तापमान १२५० च्या आसपास न्यावे लागते. काम संपले म्हणून ही भट्टी रात्री बंद करता येत नाही. आतली क्रूसिबल, म्हणजे काच वितळवायचे भांडे, थंड होताना तडकू शकते आणि पुन्हा सावकाश तापवण्यात कित्येक दिवस जातात. त्यामुळे समोर कोणी असो वा नसो, गॅस चोवीस तास जळतो. तो खर्च शेवटी भाड्यात उतरतो. तीन-चार तासांचा स्लॉट, रंगाच्या कांड्या वजनावर, आणि एकट्याने मोठे भांडे होत नसल्याने मदतनिसाची मजुरी वेगळी. एवढे परवडत नसेल तर दुसऱ्याच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षे फुकट राबायचे. ती ऐपत कोणाच्या घरी असते आणि कोणाच्या नसते, हे अमेरिकेत बरेचसे वंशावर ठरते.

फुकट राबणारा नेमके काय करतो, तेही पाहण्यासारखे आहे. फुगवलेल्या भांड्याचे तोंड उघडायचे तर ते फुंकनळीवरून सोडवून तळाच्या बाजूने पंटीवर घ्यावे लागते. पंटी म्हणजे भरीव पोलादी सळई. मदतनीस तिच्या टोकावर सुपारीएवढी काच उचलतो, पोलादी पाटावर लोळवून निमुळती करतो, टोक किंचित निवू देतो आणि तळाच्या बरोबर मध्यावर टेकवतो. बेंचवर बसलेला गॅफर, म्हणजे मुख्य कारागीर, भांड्याच्या मानेवरच्या खाचेत पाण्याचा थेंब सोडतो, नळीवर टिचकी मारतो आणि भांडे सुटते. पंटी जास्त गरम असली तर ती तळात रुतून बसते आणि शेवटी बुडाचा टवका घेऊनच निघते. जास्त निवलेली असली तर पुढच्या तापवणीत भांडे जमिनीवर पडते. मध्य चुकला तर भांडे डगमगत फिरते आणि तोंड काही केल्या गोल येत नाही. हे हातात बसायला शेकडो पंट्या लागतात. दोन आठवड्यांच्या वर्गात, तुकडीबरोबर बेंच वाटून घेताना, तेवढ्या होत नाहीत. त्यात गंमत अशी की चांगली पंटी आणणाऱ्याला मग पंटीच आणायला ठेवतात. त्याची बेंचवर बसायची पाळी येतच नाही.

ओळखीचा भाग जुना आहे. अमेरिकेत कलाकाराने स्वतःच्या स्टुडिओत काच फुंकण्याची लाट १९६२ च्या मार्च आणि जूनमध्ये ओहायोतल्या टोलीडोच्या कला संग्रहालयात भरलेल्या, मातीकामाचे प्राध्यापक हार्वे लिटलटन यांच्या कार्यशाळांपासून धरतात. पहिल्या वेळी काच धड वितळेना. काचतंत्रज्ञ डॉमिनिक लॅबिनो यांनी फायबरग्लास उद्योगातल्या ४७५ क्रमांकाच्या काचगोळ्या वितळवायला सांगितल्या, तेव्हा काम सुरू झाले. पण फुंकायचे कसे, हे दाखवले लिबी या काच कारखान्यातून निवृत्त झालेल्या हार्वे लीफग्रीन या कारागिराने. विद्या अशी हाताहातांतून गेली. विद्यापीठांत गेली आणि १९७१ पासून सिएटलच्या उत्तरेला जंगलात उभ्या राहिलेल्या पिलचक शाळेतही. त्या वर्तुळात शिरायचे तर आत कोणीतरी लागत असे. ट्लिंगिट या अलास्काकडच्या मूलनिवासी वंशाचे काचकलाकार प्रेस्टन सिंगलटरी आज मोठे नाव आहे. ते १९८२ मध्ये सिएटलच्या एका काचस्टुडिओत लागले ते रात्रपाळीचे पहारेकरी म्हणून. त्यांना तिथे नेले शाळेपासूनचा मित्र दांते मारिओनी याने, आणि मारिओनीचे वडील मुळात काचकलाकार. असा मित्र नसलेल्याचे काय?

उत्तर काही ठिकाणी सापडले आहे. सिएटलजवळच्या टाकोमातल्या हिलटॉप आर्टिस्ट्स या संस्थेने १९९४ मध्ये सरकारी शाळेच्या आवारातच भट्टी बसवली. मुले तिथे मोफत आणि वर्षानुवर्षे येतात, त्यामुळे तास आपोआप साचतात. सिएटलचे प्रॅट कलाकेंद्र १९७६ चे. १९६९ मध्ये घराच्या दारात गोळी घालून मारलेले नागरी हक्कांचे कार्यकर्ते एडविन प्रॅट यांचे नाव त्याला दिले आहे आणि ते शहराच्या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीत आहे. काचेची ऑर्किड घडवणाऱ्या डेबोरा मूर याच केंद्रात शिकल्या. दोन्ही ठिकाणी भट्टी वस्तीजवळ आहे. दोन आठवडे रजा काढून, मुले कोणाकडे तरी सोपवून जंगलातल्या निवासी शाळेत जायची गरज पडत नाही.

ज्यांना आज नवी योजना आखायची आहे, त्यांनी फीच्या रकमेतून सहा महिन्यांची पगारी मदतनिसी द्यावी आणि प्रत्येक पाळीतला अर्धा तास तरी बेंचसाठी लेखी राखून ठेवावा. लेखी नसेल तर तो पहिल्या घाईच्या ऑर्डरीत जातो. एकाऐवजी दोघांना घ्यावे, म्हणजे ती दोघे एकमेकांच्या पंट्या आणतील. गॅस तसाही जळतोच आहे, तेव्हा रिकाम्या रात्री त्यांना द्याव्यात. मात्र नवख्याला एकट्याने सोडू नये, एक जाणता माणूस पगारावर हजर हवा आणि विमा रात्रीच्या कामालाही लागू आहे ना, हे आधी विचारावे.

वेळापत्रक भट्टीपासून नको, अनीलरपासून, म्हणजे तयार काच सावकाश निववणाऱ्या पेटीपासून, आखावे. तयार वस्तू सुमारे ४८० ते ५१० अंशांवर धरून सावकाश उतरवावी लागते, आणि लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी ६ मिलिमीटरवरून १२ वर गेली की वेळ चौपट. एकाने जाड शिल्प आत ठेवले की ती पेटी काही दिवस अडते, आणि बाकीच्यांना स्लॉट असूनही वस्तू ठेवायला जागा उरत नाही.

देणगी म्हणून आलेल्या रंगीत तुकड्यांबद्दलही सांगायला हवे, कारण असा माल बहुधा नवख्यांच्याच वाट्याला येतो. तापल्यावर काच किती प्रसरण पावते, ते प्रसरणांक सांगतो. स्टुडिओची काच साधारण ९६ प्रसरणांकाची असते, तर मण्यांच्या कामाची इटालियन कांडी १०४ ची. चिठ्ठी नसलेली १०४ ची कांडी ९६ वर चढली तर भांडे अनीलरमधून शाबूत निघू शकते आणि आठवड्याने कपाटात तडकते. शिकणारी समजते, आपलाच हात वाईट. चिठ्ठी नसलेला माल घेऊच नये. तसेच ‘केस मागे बांधा’ एवढा नियम पुरत नाही. कृत्रिम केसांच्या वेण्या धगीने वितळू शकतात, त्या सुती फडक्याने पूर्ण झाकाव्यात, आणि हे पहिल्या दिवशी सर्वांसमोर टोकण्यापेक्षा प्रवेशाच्या पत्रातच लिहावे.

भट्टी परवडतच नसेल तरी काच सुटत नाही. काचकलाकार थर्मन स्टेटम यांनी खिडकीच्या सपाट काचा कापून, चिकटवून, रंगवून घरे आणि शिड्या उभ्या केल्या. त्याला कटर, चिकटवणी आणि मोठे टेबल लागते. बर्नरवरचे बोरोसिलिकेटचे (उष्णता सोसणाऱ्या काचेचे, थोडक्यात बोरोचे) कामही काही हजार डॉलरांत उभे राहते. त्यात वायुवीजन, रेग्युलेटरवरचा फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी नळीत शिरू न देणारी झडप) आणि काच ५६५ अंशांच्या आसपास धरणारी छोटी किल्न, म्हणजे विजेची भट्टी, यांत काटकसर नको. सोडियमची पिवळी झळाळी अडवणारा साधा डायडिमियम चष्मा बोरोच्या प्रखर उजेडाला पुरत नाही, गडद छटेचा लागतो.

म्हणून देणगीचा धनादेश लिहिण्याआधी संस्थेला एवढे विचारावे: गेल्या वर्षीचे शिष्यवृत्तीधारक आज आठवड्याला किती तास बेंचवर बसतात, आणि त्यांतल्या किती तासांचे त्यांना पैसे मिळतात?

आपले,
काचकाम करणारे दोन वाचक