टोकदार दगड म्हणजे सुरी नव्हे

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीत दगडी हत्यारं जमवणाऱ्या एका हौशी गृहस्थांवरचा लेख वाचला, छंद चांगलाच आहे, पण फोटोत ज्याला 'आदिमानवाची सुरी' म्हटलंय तो मला तरी नदीत घासून गुळगुळीत झालेला साधा गोटा वाटला. टोक दिसलं की सुरी, चपटं दिसलं की कुऱ्हाड, असं नसतं हो.

आमच्या प्रवराकाठी खरी हत्यारं मिळतात यात वादच नाही, 1954 ते 56 मध्ये डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलिया यांनी नेवाशाला उत्खनन केलं आणि इथल्या चर्ट-जास्पर या कठीण दगडांच्या तासण्या, म्हणजे खरवडायची हत्यारं, देशभरच्या अभ्यासकांना माहीत झाल्या. पण त्या दिसायला अगदीच ओबडधोबड! म्हणून लोक त्या टाकून देतात आणि चकचकीत गारगोट्या घरी आणतात.

ओळखायचं कसं, तर आधी दगड उन्हात तिरका धरा. माणसाने ठोकून काढलेल्या छिलक्याला जिथे घाव बसला तिथे छोटा सपाट भाग असतो, त्याच्या लगेच खाली फुगवटा, अंगठा फिरवला की कळतो, आणि तिथून लाटांसारख्या बारीक रेषा पसरलेल्या, जाड काचेचा टवका उडाल्यावर दिसतात तशा. मग कड बघा. तासणीच्या कडेला बारीक टवके ओळीने आणि बहुतेक एकाच बाजूने काढलेले असतात. नदीत आपटून किंवा नांगर लागून उडालेले टवके कुठेही, कसेही. जेसीबीचा घाव असेल तर तिथला रंग बाकी दगडापेक्षा ताजा दिसतो.

दुसरं म्हणजे सरसकट 'लाखो वर्षांपूर्वीचं' लिहू नका. दोन्ही कडा समांतर असलेली कॅल्सेडोनी या गारेसारख्या दगडाची लांबट पाती मिळाली, आणि आसपास काळी नक्षी असलेली लाल खापरं असतील, तर ती जोर्वे-इनामगावला उत्खननात सापडलेल्या जुन्या शेतकरी वस्त्यांच्या काळातली असायची शक्यता जास्त, म्हणजे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. तशा पात्या त्याच्या कितीतरी आधीही बनत होत्या, नुसती पाती हातात घेऊन काळ सांगता येत नाही. खापरं तिथेच टाकून एकटी पाती खिशात घातली की संपलंच की सगळं!

आणि तारेच्या ब्रशने घासणं, तेल लावणं तर कृपा करून बंद करा, वरचा जुना थर आणि कडेवरच्या वापराच्या खुणा त्यात जातात. सापडलं तर जागेवरच फोटो काढा, बाजूला पट्टी किंवा नाणं ठेवून, गाव, गट नंबर, नदीपासून अंतर लिहून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. आजूबाजूच्या कपच्या तर अजिबात हलवू नका, हत्यारं तिथेच बनवली की पुरात वाहून आली हे त्यांच्यावरूनच कळतं.

आपणही पुढच्या वेळी असा फोटो छापताना शेजारी पट्टी ठेवायला सांगाल का? आणि दोन्ही बाजूंचे फोटो छापा, एकाच बाजूवरून कुणालाच ठरवता येत नाही.

आपला,
एक वाचक, नेवासा